वाळू परतली, पोवळ्यांचं काय?

सुमात्राच्या पश्चिमेला सिमेलू नावाचं एक बेट आहे. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात त्याचं उत्तरेकडचं टोक सुमारे दीड मीटर वर उचललं गेलं. आदल्या दिवसापर्यंत ओहोटीतही पाण्याखाली राहणारी पोवळी एका सकाळीत उघड्यावर आली आणि उन्हात वाळून मेली. तीन महिन्यांनी, २८ मार्च २००५ ला, दुसरा मोठा भूकंप झाला आणि बेटाचा दक्षिण भागही तसाच वर आला. काही किलोमीटर लांबीची प्रवाळांची बाग, जिथे पोहायला जायचं तिथे चालत जाता येईल अशी, पांढरीफटक पडून राहिली. त्या वर्षी प्रवाळांचा जो समूळ मृत्यू झाला तो मुख्यतः असा, जमीन हलल्यामुळे. पहिल्या भूकंपातून उठलेल्या त्सुनामीच्या लाटेचा हिशेब पुढे येईलच, पण तो आपण धरून चालतो त्यापेक्षा बराच वेगळा निघाला.

आपल्याकडेही हेच घडलं. उत्तर अंदमानात इंटरव्ह्यू बेट आणि नॉर्थ रीफ बेटाच्या भोवतालचे प्रवाळ वर येऊन मेले, कांदळवनांखालची जमीन कोरडी पडून तिवरं वठली. आणि बेटांच्या माळेचं दक्षिण टोक त्याच क्षणी खाली गेलं. ग्रेट निकोबारवरचा इंदिरा पॉइंट सव्वाचार मीटर खचला. जमिनीवर उभं असलेलं दीपगृह पाण्यात गेलं. दक्षिण अंदमानची जमीनही खाली बसली आणि पोर्ट ब्लेअरजवळच्या सिप्पीघाटची भातशेती खाऱ्या पाण्यानं भरून गेली ती कायमची. आता तिथे पक्षी बघायला लोक जातात. समुद्रतळाला जवळजवळ १,३०० किलोमीटर लांबीची चीर गेली होती. त्या हालचालीत काही बेटं उचलली गेली, काही बुडाली. एका आपत्तीत एकाच बेटसमूहाला असे दोन उलटे घाव बसले, हे लक्षात ठेवलं तर ‘अंदमान सावरलं का?’ या प्रश्नाला एक उत्तर का नसतं ते कळतं.

तरीही हा प्रश्न विचारला जातोच, आणि तो बहुतेक वेळा सहलीला जाणाऱ्याच्या तोंडून येतो. २००५ च्या उन्हाळ्यात फुकेत, मालदीव, श्रीलंका, अंदमान यांच्याबद्दल सगळीकडे हीच विचारणा होती: आता जायला हरकत नाही ना? किनारा झाडून झाला, हॉटेलं उघडली, बोटी सुटू लागल्या की उत्तर ‘हरकत नाही’ असं मिळतं. या लेखात तो प्रश्न थोडा लांबवायचा आहे. उष्ण कटिबंधातल्या बेटावर चार गोष्टी सावरायच्या असतात. वाळू, प्रवाळ, धंदा आणि माणसं. चौघांचा वेग वेगळा. लवकर सावरणाऱ्या गोष्टी हळू सावरणाऱ्यांना झाकून टाकतात, असं मला वीस वर्षांचा हा इतिहास वाचताना पुनःपुन्हा वाटत राहिलं.

वाळूपासून सुरुवात करू, कारण ती सर्वांत चटकन परतते. कोकणात राहिलेल्या कोणालाही हे नवं नाही. पावसाळ्यात पुळण खरवडून निघते, खडक उघडे पडतात, आणि दिवाळीनंतर समुद्र तीच वाळू आणून टाकतो. त्सुनामीची लाट या रोजच्या व्यवहारापेक्षा फार मोठी असली तरी किनाऱ्याच्या दृष्टीनं तिची जात ओळखीची. तिनं काठावरची आणि उथळ पाण्यातली वाळू उचलली, काही आत जमिनीवर पसरवली, काही परत ओढून नेली. थायलंडच्या फांगङा प्रांतात नारळांच्या आणि सुरूच्या बागांवर वाळूचा थर बसला, किनाऱ्याला खाचा पडल्या. पुढच्या मोसमी हंगामांत लाटांनी त्या खाचा बऱ्याच ठिकाणी भरून काढल्या.

मालदीवचं उदाहरण अधिक बोलकं आहे. तिथल्या दक्षिण माल्होस्माडुलू कंकणद्वीपातल्या १३ निर्मनुष्य बेटांची मापं संशोधक पॉल केंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे त्सुनामीच्या आधीपासून होती. लाटेनंतर ते परत गेले. समुद्रसपाटीपासून जेमतेम दीड-दोन मीटर उंचीची ही बेटं निम्मी वाहून गेली असतील असं कोणालाही वाटलं असतं. प्रत्यक्षात काठाची थोडी झीज झाली होती, आणि जी वाळू काठावरून उचलली गेली तिच्यापैकी काही बेटाच्याच पाठीवर थर होऊन बसली होती. म्हणजे बेट कडेनं किंचित आकसलं आणि वरून किंचित वाढलं. अशी बेटं लाटांनीच बांधलेली असतात. एका मोठ्या लाटेनं ती पुसली जात नाहीत.

किनारा नुसता सावरत नाही, तो नोंदही ठेवतो. थायलंडमधल्या फ्रा थाँग बेटावर गवताळ पाणथळ खळग्यांत खणल्यावर काळ्या मातीच्या थरांमध्ये पांढऱ्या वाळूचे पट्टे सापडले. सर्वांत वरचा २००४ चा. त्याखालचा साडेपाचशे ते सातशे वर्षांपूर्वीचा. त्याच्याही खाली आणखी जुने. सुमात्राच्या मेंतावाई बेटांजवळ भूगर्भशास्त्रज्ञ केरी सीह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच जुन्या भूकंपांच्या तारखा पोवळ्यांतून वाचल्या. उथळ पाण्यातलं पोवळं पाण्याच्या पातळीच्या वर वाढू शकत नाही. जमीन वर-खाली झाली की त्याच्या वाढीच्या कड्यांमध्ये ते उमटतं, झाडाच्या खोडात दुष्काळ उमटावा तसं. १७९७ आणि १८३३ चे भूकंप त्यात स्वच्छ वाचता येतात. जिथे आपण चटई टाकून पहुडतो त्या वाळूखाली आणि जिथे गॉगल लावून पोहतो त्या प्रवाळात अशी बखर दडलेली असते. हे समजल्यावर किनाऱ्याकडे बघण्याची नजरच बदलते, निदान माझी बदलली.

पण वाळू परतते ती जुन्या साठ्यातली. नवी वाळू कोण तयार करतं? आपल्याकडच्या पुळणी बऱ्याच अंशी नद्यांनी आणि झिजलेल्या खडकांनी बनवलेल्या आहेत. कंकणद्वीपावर नदी नाही आणि डोंगरही नाही. तिथली पांढरी वाळू म्हणजे प्रवाळांचा आणि शिंपल्यांचा चुरा. हा चुरा करण्याचं मोठं काम पोपटमासे करतात. ते आपल्या चोचीसारख्या दातांनी मेलेल्या प्रवाळावरचं शेवाळ खरवडतात, त्याबरोबर खडकही पोटात जातो आणि वाळू होऊन बाहेर पडतो. मालदीवच्या वक्कारू बेटाभोवती मोजणी झाली तेव्हा नव्यानं तयार होणाऱ्या वाळूपैकी ८५ टक्क्यांहून अधिक वाटा या माशांचा निघाला. म्हणजे किनारा सावरला असं ठामपणे म्हणायचं तर पाण्याखाली काय चाललंय ते बघावंच लागतं. प्रवाळ आणि पोपटमासे गेले तर आज परतलेली वाळू ही शिल्लक मोडून केलेला खर्च ठरते.

आता पाण्याखाली जाऊ. त्सुनामीनंतरच्या पहिल्या आठवड्यांत अंदाज भीषण होते. हिंदी महासागराचे प्रवाळ संपले, डायव्हिंगचा धंदा पिढीभर उठला, असं बोललं जात होतं. मग लोक टाक्या बांधून खाली उतरले. सुमात्रातल्या आचेमध्ये, जिथे लाट सर्वांत उंच होती तिथे, प्रवाळांचे अभ्यासक अँड्र्यू बेअर्ड आणि त्यांच्या पथकानं तीन-चार महिन्यांनी पाहणी केली. जमिनीवर गावंच्या गावं सपाट झाली होती आणि समोरच्या पाण्यात बरेचसे प्रवाळ जागच्या जागी होते. जे उलटले होते ते मुख्यतः वाळूवर किंवा सुट्या खड्यांवर वाढलेले, त्यांत दोन-दोन मीटरचे गोलाकार जुने प्रवाळही होते. पक्क्या खडकाला धरून असलेली नाजूक, फांद्यांची पोवळीसुद्धा टिकली होती. थायलंडच्या अंदमान समुद्राकडच्या किनाऱ्यावर १७४ ठिकाणं तपासली गेली, त्यांतल्या सुमारे १३ टक्के ठिकाणी गंभीर नुकसान होतं.

याचं कारण लाटेच्या स्वभावात आहे. वादळातल्या लाटा तासन्‌तास एकामागून एक आपटतात. त्सुनामी उघड्या समुद्रात जवळपास कळतही नाही. उथळ पाण्यात ती फुगते आणि तिचा जोर काठावर आणि जमिनीवर उतरतो. प्रवाळांवरून तिच्या मोजक्याच लाटा गेल्या. त्यांना खरा तडाखा बसला तो परतीच्या पाण्याचा, कारण त्या पाण्यातून सगळं गाव येत होतं: पत्रे, खाटा, झाडं, गाळ, मासेमारीची जाळी. जाळं प्रवाळावर अडकलं की लाटेच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर करवतीसारखं घासत राहतं.

आचेच्या पाहणीतला दुसरा निष्कर्ष मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ठिकाणाठिकाणांत जो फरक दिसत होता तो लाटेच्या उंचीपेक्षा त्या पाण्यात आधी मासेमारी कशी होत होती त्यावर ठरलेला होता. जिथे सुरुंग आणि सायनाइड वापरून मासे मारले जात तिथे त्सुनामीच्या आधीच सगळं ओसाड होतं. जिथे ‘पांग्लिमा लाओत’ म्हणजे समुद्राचा मुखत्यार, ही जुनी गावपरंपरा चालू होती तिथे प्रवाळ दाट होते, आणि लाटेनंतरही दाटच राहिले. या परंपरेत गावचा हा प्रमुख कधी जाळं टाकायचं, कुठे टाकायचं नाही, भांडण झालं तर काय, हे ठरवतो.

श्रीलंकेचा किनारा हीच गोष्ट उलट्या बाजूनं सांगतो. हिक्काडुवाला पाण्याखालचा प्रवाळपट्टा संरक्षित होता, कारण तिथे काचेच्या तळाच्या होड्यांतून प्रवाळ दाखवणं हा धंदाच होता. तिथे लाट दोन-तीन मीटरची आली आणि सुमारे ५० मीटर आत शिरली. तिथून थोड्याच अंतरावरच्या पेरालियाला चुन्यासाठी प्रवाळ बेकायदा काढून नेले जात होते. तिथे पाणी दहा मीटर उंच चढलं आणि दीड किलोमीटर आत गेलं. कोलंबोहून गालकडे निघालेली ‘समुद्रराणी’ नावाची आगगाडी तिथेच उभी होती. रेल्वेच्या इतिहासातला तो सर्वांत भीषण अपघात ठरला, सतराशे माणसं तरी त्यात गेली. सगळा फरक एकट्या प्रवाळांनी पडला असं कोणी म्हणू नये, समुद्रतळाचा उतारही बघावा लागतो. पण ही तफावत पाहणाऱ्या अभ्यासकांनी प्रवाळांच्या चोरीकडेच बोट दाखवलं, आणि त्या दोन गावांच्या मधलं अंतर लक्षात घेता मला ते पटतं.

लाटेनंतर डायव्हर लोकांनी जे केलं ते इथे सांगायलाच हवं. थायलंडच्या फी फी डॉन बेटाचा मधला भाग म्हणजे दोन डोंगरांना जोडणारी वाळूची अरुंद पट्टी. तिच्या दोन्ही अंगांनी पाणी आलं. पर्यटकांना पाण्याखालचं जग दाखवून पोट भरणारी मंडळी आणि सुट्टीवर आलेले परदेशी महिनोन्‌महिने टोन साई उपसागराच्या तळाशी उतरून कचरा वर काढत होते. सिमिलान आणि सुरिन बेटांजवळ उलटलेली पोवळी सरळ केली गेली, मोडून पडलेले समुद्रपंखे पुन्हा खडकाला बसवले गेले. यातून एकूण प्रवाळांत किती भर पडली हा वेगळा मुद्दा. ज्यांनी आठवड्यापूर्वी आपले सोबती गमावले होते ते लोक समुद्राचीच साफसफाई करायला पुन्हा त्याच पाण्यात उतरले, याची नोंद राहायला हवी.

धंदा फार लवकर उभा राहिला. २००४ मध्ये मालदीवला सुमारे ६ लाख १६ हजार पर्यटक गेले होते. २००५ मध्ये तो आकडा चार लाखांच्या आत आला आणि २००६ मध्ये पुन्हा सहा लाखांवर गेला. ज्या देशाचं नुकसान वार्षिक उत्पन्नाच्या साठ टक्क्यांच्या घरात मोजलं गेलं त्याच्या पाहुण्यांची रांग दोन वर्षांत पूर्ववत झाली. थायलंडमध्ये खाओ लाकला जास्त वेळ लागला. तिथे मृतांची संख्या सर्वांत मोठी होती. लाटेनं आत खूप दूरवर नेऊन टाकलेली ‘८१३’ क्रमांकाची पोलीस नौका आजही तिथेच स्मारक म्हणून उभी आहे. पूर्व आशियातले पर्यटक बराच काळ फिरकले नाहीत, आणि त्यामागे अतृप्त आत्म्यांची भीती हे एक खरं कारण होतं. त्यावर रीतसर अभ्यासही झाले आहेत. मला ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी वाटत नाही. जिथे इतके लोक अंत्यसंस्काराविना गेले तिथे लगेच सुट्टी घालवायला मन न धजणं ही माणुसकीचीच खूण आहे.

आणि धंदा सावरला म्हणजे काय होतं, ते माया बे सांगतो. फी फी डॉनच्या शेजारच्या फी फी ले बेटावरचा हा उपसागर २००० सालच्या ‘द बीच’ या चित्रपटानं जगभर पोचवला. त्सुनामीतून तो सहज सावरला. पुढच्या दशकात तिथे दिवसाला पाच हजारांहून अधिक माणसं उतरू लागली. बोटींचे नांगर, पंख्यांनी ढवळलेली वाळू आणि त्वचेला चोपडलेली मलमं यांनी उपसागरातले निम्म्याहून अधिक प्रवाळ मेले. जून २०१८ मध्ये थायलंड सरकारनं तो बंद केला तो थेट जानेवारी २०२२ पर्यंत. बंद असताना तिथे प्रवाळांची रोपं लावली गेली, आणि काळ्या टोकाच्या पंखांचे शार्क उथळ पाण्यात परत दिसू लागले. आता बोटींना बेटाच्या मागच्या अंगाला थांबावं लागतं, एका वेळी मोजकीच माणसं आत जातात, उपसागरात पोहायला बंदी आहे आणि दर वर्षी दोन महिने तो पूर्ण बंद असतो. लाटेला जे जमलं नाही ते सुट्ट्यांनी केलं, आणि सुट्ट्यांना वेसण घातल्यावर ते बऱ्यापैकी भरूनही आलं.

भरून न येणारा घाव तिसराच आहे, आणि तो दिसायला सर्वांत शांत असतो. पोवळ्याच्या अंगात एकपेशीय शैवाल राहतं. ते उन्हावर साखर बनवतं, त्यातली बरीचशी पोवळ्याला मिळते, आणि पोवळ्याचा रंगही त्याचाच असतो. पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा फक्त एक अंशानं जास्त तापलं आणि चार-पाच आठवडे तसंच राहिलं, तर पोवळं हे शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. डायव्हर याला ब्लीचिंग म्हणतात. पोवळं तेव्हा मेलेलं नसतं, उपाशी असतं. पाणी लवकर निवलं तर जगतं. नाही निवलं तर काही आठवड्यांत त्यावर शेवाळाची लव चढते आणि पुढच्या वर्षी-दोन वर्षांत सांगाडा मोडून पडतो.

१९९८ च्या एल निनोमध्ये मालदीवच्या उथळ पाण्यातले जवळजवळ ९० टक्के प्रवाळ असे गेले. म्हणजे २००४ ची लाट जिथे आली तिथे आधीच सांगाडे होते. लाटेनं फारसं काही मारलं नाही याचं एक दुःखद कारण तेही आहे. २०१० च्या एप्रिल-मे महिन्यांत अंदमान समुद्र तापला. त्सुनामीतून जेमतेम सावरलेल्या सिमिलान-सुरिनच्या पाण्यात पांढरी शेतं पसरली, आणि जानेवारी २०११ मध्ये थायलंडनं सात सागरी उद्यानांतल्या १८ डाइव्ह साइट्स बंद केल्या.  मग २०१६. मग एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगव्यापी ब्लीचिंगची चौथी फेरी सुरू झाल्याचं जाहीर केलं. जगातल्या चार-पंचमांशांहून अधिक प्रवाळक्षेत्रापर्यंत तिची धग पोचली. लक्षद्वीपही त्यात होतं, अंदमानही.

प्रवाळ मुळात सावरू शकतात का? शकतात, आणि त्याचा सुंदर पुरावा ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला दूर समुद्रात असलेल्या स्कॉट रीफवर मिळाला. १९९८ मध्ये तिथले ७० ते ९० टक्के प्रवाळ गेले. जवळ दुसरी प्रवाळभित्ती नाही, त्यामुळे नवी पिल्लं येणार कुठून, असं सगळ्यांना वाटत होतं. बारा वर्षांत ती पहिल्यासारखी झाली. वाचलेल्या मोजक्या पोवळ्यांनीच पुन्हा बीज धरलं. पाणी स्वच्छ होतं, शेवाळ खाणारे मासे मुबलक होते, किनाऱ्यावरून येणारा गाळ नव्हता. फांद्यांचं पोवळं वर्षाला दहा सेंटिमीटरही वाढतं, गोलाकार थोराड पोवळं मात्र सेंटिमीटरभर. त्यामुळे बागेला रूप दहा-बारा वर्षांत येतं, वय यायला शतक लागतं. आणि मग २०१६ ला तीच स्कॉट रीफ पुन्हा भाजून निघाली.

सगळं गणित या दोन तडाख्यांमधल्या अंतराचं आहे. लक्षद्वीपमध्ये म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनचे रोहन आर्थर आणि त्यांचे सहकारी १९९८ पासून अगत्ती, कदमत, कवरत्तीच्या पाण्यात उतरून मोजमाप करत आहेत. चोवीस वर्षांत जिवंत प्रवाळांचं आच्छादन सुमारे ३७ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर आलं. त्यांचं निरीक्षण असं, की मोठ्या तडाख्यानंतर सहाएक वर्षं शांत गेली तरच वाढीला खरा वेग येतो. १९९८ नंतर २०१० पर्यंत बारा वर्षं मिळाली. पुढे सहाच. लक्षद्वीपच्या लोकांनी आपल्याकडून जे करायचं ते बऱ्याच अंशी केलं होतं. तिथली मासेमारी गळ-काठीनं कुपा म्हणजे ट्यूना धरण्याची, खोल पाण्यातली, त्यामुळे प्रवाळातल्या माशांना पिढ्यान्‌पिढ्या धक्का लागला नाही. आचेच्या पांग्लिमा लाओतची जी पुण्याई, तीच इथे होती. तिनं वेळ मिळवून दिला, उष्णता थांबवणं तिच्या हातात नव्हतं. अलीकडे प्रवाळातले मासेही बाजारासाठी काढले जाऊ लागलेत, ही त्यात भर.

अंदमानात डायव्हिंगचं गाव म्हणजे हॅवलॉक, आताचं स्वराज द्वीप. सेल्युलर जेल आणि सावरकरांची कोठडी बघायला गेलेलं मराठी कुटुंब आता दुसऱ्या दिवशी हमखास तिकडची बोट धरतं, आणि पहिल्यांदा पाण्याखाली श्वास घेण्याचा अनुभव अनेकांना तिथेच मिळतो. २००४ मध्ये राधानगर पुळणीला ‘टाइम’ साप्ताहिकानं आशियातली सर्वोत्तम म्हटलं त्याच वर्षाच्या अखेरीस लाट आली. हॅवलॉकला ती तुलनेनं सौम्य होती. तेव्हा तिथे मोजकी मुक्कामाची ठिकाणं होती, आज किनाऱ्याला दाटी आहे. २०१० च्या उन्हाळ्यात उथळ पाण्यातले बरेच प्रवाळ मेले. म्हणून आज उथळ पाण्यात पहिली बुडी मारणारा जे बघून हरखतो त्यात सांगाडेही बरेच असतात, आणि खोलवरच्या जॉनीज गॉर्ज किंवा डिक्सन्स पिनॅकलवर माशांची गर्दी बघितलेल्याला समुद्र धडधाकट वाटतो. दोघंही खरंच सांगत असतात.

वंडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातला एक साधा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. जॉली बॉय आणि रेड स्किन ही दोन बेटं पर्यटकांसाठी आलटून पालटून उघडतात, एक उघडं तेव्हा दुसरं विश्रांतीला, आणि जॉली बॉयवर प्लास्टिकची बाटलीही नेऊ देत नाहीत. शेत पडीक ठेवण्याइतकी ही जुनी समज आहे. मालवणला, जिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि तारकर्ली-सिंधुदुर्गच्या पाण्यात हंगामात रोज माणसांच्या रांगा लागतात, तिथेही असा पाळीचा नियम व्हावा असं मनापासून वाटतं. आपले प्रवाळ गढूळ पाण्यात तग धरणारे, काटक आहेत. क्यार, निसर्ग, तौक्ते अशी लागोपाठ वादळं आपल्या किनाऱ्यानं तीन वर्षांत पाहिली. या प्रवाळांना त्याच काळात नांगर आणि पायही सोसायला लावू नयेत. सारंग कुलकर्णींसारख्या सागरी जीवशास्त्रज्ञांनी मालवणच्या पाण्यात प्रवाळांची रोपं जगवून दाखवली आहेत. पण रोपण हे मूठभर जागेचं, हातानं करायचं, कष्टाचं काम आहे. ते करणारेच सांगतात की पाणी तापलं तर लावलेलं रोपही पांढरं पडतं.

राहिली माणसं, आणि त्यांचा वेग सर्वांत कमी. श्रीलंकेत त्सुनामीनंतर काठापासून शंभर-दोनशे मीटरांत घरं बांधायला मनाई झाली. मच्छीमार आत ढकलले गेले, उभी असलेली हॉटेलं मात्र वगळली गेली. ज्या पुळणीवर होडी ओढायची तिथून मच्छीमाराचं घर हलवणं आणि पाहुण्याची खोली तिथेच ठेवणं याला सुरक्षा म्हणता येत नाही. मालदीवमधल्या कांढोलुधू बेटाचे लोक राहतं बेट निकामी झाल्यावर वर्षानुवर्षं इतर बेटांवर आश्रयाला राहिले, मग त्यांच्यासाठी निर्मनुष्य धुवाफारू बेटावर नवं गाव वसवलं गेलं. सुरिन बेटांवरचे मोकेन जमातीचे लोक, ज्यांची मुलं पाण्याखाली उघड्या डोळ्यांनी इतर मुलांपेक्षा दुप्पट स्पष्ट बघू शकतात असं सिद्ध झालंय, ते समुद्र मागे हटताच टेकडीवर गेले आणि वाचले, कारण त्यांच्या आजी-आजोबांच्या कथेत ती लाट होती. सिमेलूवरही तेच घडलं. १९०७ च्या लाटेची आठवण ‘स्मोंग’ या एका शब्दात गावोगाव जपलेली होती. सुमारे ७८ हजार वस्तीच्या त्या बेटावर लाटेत सात माणसं गेली. सुरिनच्या मोकेनांना मात्र नंतर एकाच जागी, दाटीनं घरं बांधून दिली गेली, आणि २०१९ मध्ये आगीत त्यांतली बरीचशी एकदम जळाली.

निकोबारी लोकांची हानी याहून मोठी. किनाऱ्यालगतची त्यांची गावं आणि नारळाच्या बागा गेल्या. त्यांचं ‘तुहेत’ म्हणजे मोठं एकत्र कुटुंब, त्याची जमीन सामायिक. पुनर्वसनात मिळालेली घरं एकेका छोट्या कुटुंबाच्या मापाची, पत्र्याची. निकोबारला पर्यटक जात नाहीत, त्यामुळे ‘अंदमान-निकोबार सावरलं’ असं लिहिताना हॅवलॉकचा फोटो छापला जातो. ग्रेट निकोबारच्या निकोबारींना २००४ नंतर कॅम्पबेल बेजवळ वसवलं गेलं. आपल्या जुन्या गावांत परत जाऊ द्या ही त्यांची मागणी तेव्हापासूनची आहे.

त्यांच्या जुन्या जमिनींच्या बाजूलाच गलाथिया उपसागर आहे. जगातलं सर्वांत मोठं कासव, लेदरबॅक, तिथे अंडी घालायला येतं. लाटेनं आणि खचलेल्या जमिनीनं ती पुळण पार नाहीशी झाली होती. काही वर्षांत नदीच्या मुखाशी समुद्रानं ती पुन्हा रचली, आणि कासवं परत आली. या बेटसमूहात लिटल अंदमानवर उपग्रहाची खूण लावलेल्या माद्या अंडी घालून एकीकडे ऑस्ट्रेलियाच्या, दुसरीकडे आफ्रिकेच्या दिशेनं हजारो किलोमीटर गेल्याचं दिसलं. त्सुनामीनंतर या किनाऱ्यांबद्दल हाती आलेली यापेक्षा आनंदाची बातमी मला ठाऊक नाही.

जानेवारी २०२१ मध्ये गलाथिया अभयारण्याचा दर्जा काढून घेण्यात आला. तिथे मोठं मालवाहू बंदर बांधायचं आहे, त्याला नोव्हेंबर २०२२ मध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली. त्याच महिन्यात तिथल्या आदिवासी परिषदेनं आपली आधीची संमती मागे घेतली. बंदराच्या जागेतल्या वीस हजारांवर प्रवाळ वसाहतींपैकी सोळा हजारांवर वसाहती उचलून दुसरीकडे लावण्याची योजना आहे.